दोन्हीकडे आय५, दोन्हीकडे १० कोर, मग लॅपटॉप मागे का पडतो?

रेषाकोन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझं छोटं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. मी लॅपटॉपवर काम करते, त्यात इंटेलचा आय५-१३३५यू आहे. हल्लीच ऑफिसातल्या मुलासाठी एक डेस्कटॉप जुळवून घेतला, त्यात आय५-१३४००. दोन्ही तेराव्या पिढीचे, दोन्ही १० कोरचे (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), दोन्हींचा कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ. रॅम दोन्हीकडे १६ जीबी. कागदावर बघाल तर जुळी भावंडं.

ऑटोकॅडमध्ये प्लॅन काढताना मला दोघांत काडीचाही फरक जाणवत नाही. पण तोच बंगला स्केचअपमधून व्ही-रेवर रेंडरला टाकला, म्हणजे थ्रीडी मॉडेलचं खरं वाटणारं चित्र बनवायला लावलं, की चित्र पालटतं. डेस्कटॉप निम्म्याहून कमी वेळात मोकळा होतो. लॅपटॉप पहिलं मिनिटभर जोरात पळतो, मग पंखा ओरडायला लागतो आणि काम रेंगाळतं. रेंडर सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवरच होतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड कुठेच नाही.

भाचा म्हणतो, "मावशी, हा विक आणि आय७वाला लॅपटॉप घे." दुकानदार म्हणतो, "मॅडम, प्रोसेसर तोच असतो, लॅपटॉपमध्ये फक्त लहान आकारात येतो." पैसे घालण्याआधी मला नीट समजून घ्यायचंय की गाडं नेमकं कुठे अडतंय.

---

चिंचपोकळी_लोकल

ताई, लॅपटॉप चार्जरला लावून रेंडर केलं होतं ना? बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप हात आखडता घेतात.

---

रेषाकोन

हो, चार्जरवरच. बॅटरीवर तर विचारूच नका.

---

सिलिकॉनवेडा

रेषाकोन ताई, जुळी भावंडं नाहीत ती, फक्त आडनाव एक आहे.

पहिली गोष्ट, कोर. तुमच्या लॅपटॉपच्या १० कोरमध्ये दमदार कोर फक्त २, बाकीचे ८ काटकसरी. डेस्कटॉपच्या १३४००मध्ये दमदार ६ आणि काटकसरी ४. इंटेल त्यांना पी-कोर आणि ई-कोर म्हणतं. पी-कोर एका वेळी दोन थ्रेड (कामाचे धागे) हाताळतो, ई-कोर एकच. म्हणून तुमच्या लॅपटॉपचे थ्रेड होतात १२ आणि डेस्कटॉपचे १६. बेरीज दोन्हीकडे १० येते, पण कोणते १० हे खोक्यावर ठळक छापत नाहीत. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी झटपट मेमरी, तीही बघा, लॅपटॉपला १२ एमबी, डेस्कटॉपला २०.

दुसरी गोष्ट, वीज. खरी मेख इथे आहे. १३३५यूची बेस (नेहमीची) पॉवर १५ वॉट, टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जोर लावताना, कमाल ५५. १३४००ची बेस ६५ आणि टर्बोत १४८. लॅपटॉप थोडा वेळ ५५च्या आसपास जाऊ शकतो, पण ती उष्णता त्या पातळ डब्यातून बाहेर निघत नाही. मग फर्मवेअर (मशीनच्या आतलं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) त्याला खाली खेचतं. घाट चढताना पहिल्या वळणापर्यंत सगळ्याच गाड्या जोरात असतात, तसं आहे हे.

४.६ गिगाहर्ट्झ हा आकडा खोटा नाही. पण तो एखाददुसऱ्या कोरवर भार असताना, थोड्या वेळापुरता. सगळे कोर तासभर राबवताना काय वेग टिकतो, तो आकडा जाहिरातीत नसतो.

आणि भाच्याला प्रेमाने सांगा, आय७-१३५५यू घेतलात तर त्यातही तेच २ अधिक ८ कोर, तेच १५ वॉट. कमाल वेग फक्त ४.६च्या जागी ५. रेंडरला ढिम्म फरक पडणार नाही.

---

मिसळ_कट्टा

शेवटच्या परिच्छेदासाठी टाळ्या. आय७चं स्टिकर बघून पैसे मोजणारे आमच्या ऑफिसात ढिगाने आहेत.

---

गच्चीवरचावारा

सिलिकॉनवेडा, माहिती चांगली दिलीत, पण "लॅपटॉप म्हणजे कमजोर" असा सूर लागतोय तो मला पटत नाही. तुम्ही कमी विजेच्या यू मालिकेवरून (१३३५यूमधला यू) सगळ्या लॅपटॉपना झोडपताय. एचएक्स मालिका बघा. आय९-१३९८०एचएक्स, २४ कोर, ८ पी आणि १६ ई, ३६ एमबी कॅश, वेग ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत. डेस्कटॉपच्या आय९-१३९००केमध्येही तेच २४ कोर, तेवढीच कॅश आणि ५.८ गिगाहर्ट्झ. एचएक्स म्हणजे डेस्कटॉपचंच सिलिकॉन लॅपटॉपच्या बोर्डावर चिकटवलेलं. एएमडीनेही रायझन ९ ७९४५एचएक्समध्ये डेस्कटॉपचेच १६ झेन ४ कोर (झेन हे एएमडीच्या कोर-रचनेचं नाव) लॅपटॉपात आणले.

मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. लग्नाच्या हंगामात क्लायंटच्या घरी बसून कट दाखवावा लागतो. तिथे डेस्कटॉप घेऊन जाऊ का?

---

सिलिकॉनवेडा

@गच्चीवरचावारा, एचएक्सबद्दल पूर्ण सहमत. पण तुमच्याच उदाहरणातले वॉट बघा. १३९८०एचएक्सची टर्बो पॉवर १५७, १३९००केची २५३. आणि ते १५७ वॉट सोसणारा लॅपटॉप जाडजूड असतो, पंखे विमानासारखे आवाज करतात, चार्जर विटेएवढा असतो, किंमत तर बोलायलाच नको. ताईंच्या बजेटात तो बसणार आहे का?

एक मात्र लॅपटॉपच्या बाजूने सांगतो. वीज दीडपट दिली म्हणजे काम दीडपट होतं असं नाही. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झसाठी डेस्कटॉपची वरची मॉडेलं बेसुमार वीज खातात. त्यामुळे १५७ वॉटचा एचएक्स २५३ वॉटवाल्याच्या बराच जवळ पोचतो. पण १५ वॉटवर मात्र सगळंच आखडतं. दरी खरी तिथे आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा

पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांनो, तुम्ही एक गोष्ट विसरलात: ऊन!

मी अकोल्यात असतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि कूलर बंद असेल तर खोलीतही काही फार कमी नसतं. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. खोलीच्या तापमानाच्या खाली तो काही नेऊ शकत नाही. तुमच्या त्या १३३५यूची सहनशक्ती १०० अंशांपर्यंत. २५ अंशांच्या एसी खोलीत त्याला ७५ अंशांची मोकळीक मिळते, आमच्याकडे ५५-६०ची. परदेशी यूट्यूबवाले एसीत बसून चाचण्या करतात आणि आपण ते आकडे बघून इथे लॅपटॉप घेतो. डेस्कटॉपला मोठा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) आणि १२० मिमीचा पंखा लावता येतो, म्हणून तो उन्हाळा काढतो. माझा लॅपटॉप हिवाळ्यात एक मशीन असतो नि मेमध्ये दुसरंच.

वर पाण्याचा कूलर लावला की खोलीत दमटपणा आणि धूळ. वर्षातून एकदा तरी उघडून जाळी साफ करा. मी मागच्या उन्हाळ्याआधी उघडला तर पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये राखाडी नमद्यासारखा धुळीचा थर बसला होता, बोटाने सोलून अख्खा निघाला. हवा जाणार कुठून?

---

चिंचपोकळी_लोकल

@वऱ्हाडी_ठेचा, आयडी वाचूनच प्रोसेसर तापला.

---

जुनाजाणता

तरुण मंडळी, थोडा इतिहास सांगू द्या, कारण लॅपटॉपने डेस्कटॉपला धडा शिकवला असाही एक काळ होता.

२००३ साली इंटेलने सेंट्रिनो आणलं, त्यात पेंटियम एम होता. इस्रायलमधल्या हैफाच्या टीमने तो बनवला. त्या वेळी डेस्कटॉपवर पेंटियम ४ची चलती होती आणि सगळी शर्यत गिगाहर्ट्झची. ३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ म्हणजे लोक आ वासून बघायचे. हैफावाल्यांनी उलटं केलं. घड्याळाचा वेग कमी, पण प्रत्येक ठोक्याला जास्त काम. त्यामुळे दीड-पावणेदोन गिगाहर्ट्झचा पेंटियम एम कितीतरी कामांत जास्त वेगाच्या पेंटियम ४ला तोडीस तोड निघायचा, आणि तेही विजेच्या थोडक्या खर्चात. तिकडे पेंटियम ४ची उष्णता आवरेना. २००४मध्ये इंटेलने त्याचा पुढचा अवतार रद्द केला. पेंटियम डीची काही मॉडेलं तर १३० वॉटपर्यंत गेली होती. मग २००६ साली आला कोअर २ ड्युओ, ६५ वॉटचा. तो पेंटियम ४च्या नव्हे, या लॅपटॉपच्या घराण्यातून पुढे आलेला. आज तुम्ही ज्याला आय५, आय७ म्हणता, त्यांचं मूळ तिकडे आहे.

मी त्या काळात मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मशीन जुळवून द्यायचो. गिऱ्हाईक एकच विचारायचं, "किती गिगाहर्ट्झ?" वीस वर्षांनी प्रश्न बदललाय, "किती कोर?" आकड्याची भुरळ तीच.

---

फ्रीमाँटकर

जुनाजाणता काका, सुंदर प्रतिसाद. त्याच धाग्यात ॲपलचं उदाहरण घालतो, कारण ताईंच्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ आला. मॅकबुक एअरमध्ये एम१ आणि मॅक मिनी या डेस्कटॉपमध्येही एम१, ४ वेगवान आणि ४ काटकसरी कोर. एअरमध्ये पंखाच नाही, मिनीत आहे. छोट्या कामात, फोटो उघडणं, ब्राउझर, कोडचं लहानसं बिल्ड, दोघांत डावं-उजवं करता येत नाही. पण व्हिडिओ बराच वेळ एक्स्पोर्ट करत राहिलात की एअर तापून वेग उतरवतो आणि मिनी आहे तसा चालत राहतो. चिप तीच, फरक हवेचा.

माझ्या घरी दोन्ही आहेत. रोजच्या कामाला मी एअरच घेतो.

---

मिसळ_कट्टा

मॅकवाले आले, आता धागा शंभरी गाठणार.

---

दाभोळची_लाट

माझं मत वेगळं आहे आणि ते वेगाबद्दल नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात गावात राहून अकाउंट्सची कामं करते. टॅली, एक्सेल, जीएसटी. पावसाळ्यात लाईट दिवसातून कितीदा जाते याला हिशोब नाही. पूर्वी डेस्कटॉप होता. ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर, हातात येतात त्याहून कमी. मॉनिटरसकट डेस्कटॉप चालवला की फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरताच वेळ. बॅटरी जुनी झाली की तेवढाही नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला हे झालं की घशाला कोरड पडते.

लॅपटॉप घेतल्यापासून मी लाईट गेल्याचं खिडकीबाहेरच्या अंधारावरून ओळखते. १५ वॉटचा प्रोसेसर मला शाप नाही, वरदान आहे. तुम्ही सगळे रेंडरिंगच्या मिनिटांवर भांडताय, पण मशीन चालूच राहिलं नाही तर कोर घेऊन काय करू?

---

सिलिकॉनवेडा

@दाभोळची_लाट, शंभर टक्के मान्य. टॅलीला १३३५यू म्हणजे भरपूर. प्रोसेसर कामाला लावून तोलायचा असतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

आणि लोडशेडिंगला. +१.

---

कट_कॉपी_पेस्ट

एएमडी घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी, कारण इथे फसगत जास्त होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दहाचा फरक, वाटतं किरकोळ. प्रत्यक्षात ७५२०यूमध्ये ४ कोर, झेन २ रचनेचे, आणि ७५३०यूमध्ये ६ कोर, झेन ३चे. ७०००च्या मालिकेत रचना कोणती ते तिसरा आकडा सांगतो. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ बघून "नवीन आहे" म्हणणं म्हणजे नुसतं वर्ष वाचणं.

डेस्कटॉप-लॅपटॉपची तुलनाही एएमडीत बघण्यासारखी आहे. ५६००एच हा लॅपटॉपचा, ५६००एक्स डेस्कटॉपचा. दोन्ही ६ कोर, १२ थ्रेड, दोन्ही झेन ३. पण एल३ कॅश लॅपटॉपला १६ एमबी, डेस्कटॉपला ३२. गेम खेळणाऱ्यांना हा फरक सरळ जाणवतो.

---

गच्चीवरचावारा

अवांतर आहे, पण गेमिंगचा विषय निघालाच आहे तर ग्राफिक्स कार्डातही हेच. लॅपटॉपच्या एनव्हिडिया आरटीएक्स ४०९०मध्ये ९,७२८ कुडा कोर (ग्राफिक्स कार्डाचे छोटे कोर), डेस्कटॉपच्या ४०९०मध्ये १६,३८४. लॅपटॉपवाल्यात वापरलेली चिप मुळात डेस्कटॉपच्या ४०८०ची. नाव मात्र तेच. मी लॅपटॉपचा कैवारी असलो तरी हे नामकरण मला अजिबात आवडत नाही. इतका पैसा घेताना नाव स्वच्छ असायला हवं.

---

कंपायलर_काका

मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहिलाच. ताईंना ऑटोकॅडमध्ये फरक का जाणवत नाही?

कारण ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच थ्रेडवर चालतं, ऑटोडेस्क स्वतःच तसं सांगतं. रेष ओढली, ट्रिम केलं, हॅच भरलं, हे एकापाठोपाठ एक होणारं काम आहे. तिथे एक पी-कोर राबतो आणि बाकीचे बसून असतात. एका कोरपुरती वीज १५ वॉटच्या लॅपटॉपलाही सहज पुरते, त्यामुळे तो ४.६च्या जवळ जातो आणि डेस्कटॉपच्या बरोबरीने चालतो. व्ही-रे मात्र चित्राचे चौकोन पाडून सगळ्या थ्रेडना वाटतो. तिथे ६ पी-कोर विरुद्ध २ पी-कोर, आणि १४८ वॉट विरुद्ध जे काही टिकेल ते.

ताई, एक करून बघा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवा. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची १० मिनिटांची मल्टिकोर (सगळे कोर राबवणारी) चाचणी लावा आणि "सीपीयू पॅकेज पॉवर"ची ओळ बघत राहा. सुरुवातीला किती वॉट आणि पाच मिनिटांनंतर किती, एवढंच इथे लिहा. लॅपटॉपसोबत आलेल्या कंपनीच्या ॲपमध्ये मोड "सायलेंट"वर नाही ना तेही बघा. त्या मोडनुसार वॉटची मर्यादा बदलते.

---

रेषाकोन

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! प्रिंट काढून भाच्याला दिलंय.

@कंपायलर_काका, चाचणी केली. ॲपमध्ये मोड "बॅलन्स्ड" होता. चाचणी सुरू होताच पॅकेज पॉवर पन्नासच्या वर गेली, तापमान बघताबघता ९०च्या पुढे. अर्ध्या-एक मिनिटात वॉट उतरायला लागले आणि १८ ते २० वर येऊन थांबले, ते शेवटपर्यंत. मोड "परफॉर्मन्स" केला तर २८च्या आसपास टिकले, पण पंख्यामुळे फोनवर बोलणं अवघड. डेस्कटॉपवर तीच चाचणी लावली, वॉट हलतच नव्हते, सरळ रेषेत. हे डोळ्यांनी बघितल्यावर सगळं लख्ख झालं.

अजून एक दिसलं. डेस्कटॉपमध्ये ८-८च्या दोन रॅम पट्ट्या आहेत, लॅपटॉपमध्ये १६ची एकच. त्याने फरक पडतो का?

---

कंपायलर_काका

लॅपटॉप २० वॉटवर येऊन थांबतो आणि डेस्कटॉप सरळ रेषेत चालत राहतो, ताई, तुमच्या रेंडरचं कोडं इथेच सुटलं.

रॅमबद्दल. एक पट्टी म्हणजे मेमरीचा एकच मार्ग. व्ही-रेच्या वेळेत त्याचा फरक थोडा पडेल. पण लॅपटॉपचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतलंच आहे आणि ते हीच रॅम वापरतं. स्केचअपमध्ये मोठं मॉडेल फिरवताना अडखळत असेल तर दुसरा स्लॉट मोकळा आहे का बघा आणि तशीच दुसरी पट्टी टाका. विकून नवीन घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. काही लॅपटॉपात रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

---

कट_कॉपी_पेस्ट

डेस्कटॉपवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप चिपना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा आजार झाला होता. इंटेलने २०२४च्या ऑगस्टपासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) सुधारून दिला आणि त्या चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कोणाकडे आय७, आय९ असेल आणि बायोस (बोर्डावरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, सुधारणा त्यातूनच येते) अजून अपडेट केलं नसेल, तर आजच करा.

---

जुनाजाणता

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने बायोसची तारीख तपासावी.

---

रेषाकोन

ठरलं. लॅपटॉप विकत नाही. त्यात दुसरी रॅम पट्टी टाकते, स्लॉट मोकळा आहे, साइटवर आणि क्लायंटकडे तोच नेते. रेंडर सगळे डेस्कटॉपवर. पुढे काम वाढलं तर १६ कोरचा आय७-१३७०० त्याच बोर्डावर बसेल असं जुळवून देणाऱ्याने सांगितलंय. हे बरोबर आहे ना?

---

सिलिकॉनवेडा

बरोबर, ८ पी आणि ८ ई. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, तेच आहे. पण दोन गोष्टी आधी बघा. बोर्डाचं बायोस ताजं आहे का, आणि बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक आहे का. अगदी स्वस्त बोर्डावर तो भाग उघडा असतो, मग आय७ही लॅपटॉपसारखाच दम टाकतो. कूलर मात्र खोक्यातला वापरू नका, चांगला टॉवर कूलर घ्या.

हेच लॅपटॉपमध्ये करता येत नाही. तेराव्या पिढीचा "आय७ लॅपटॉप" म्हणजे १३५५यू असेल तर १० कोर, १३६०पी असेल तर १२, १३७००एच असेल तर १४, १३७००एचएक्स असेल तर १६. आणि जो घेतलात तो कायमचा, बोर्डावर डकवलेला.

---

आंबोलीचा_पाऊस

उशिरा आले. मुलगी यंदा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जातेय, हॉस्टेलवर राहणार. कोडिंग, थोडं अँड्रॉइड स्टुडिओ. वरचं सगळं वाचून डेस्कटॉप घेऊन द्यावा का असं वाटायला लागलंय.

---

कंपायलर_काका

नको ताई, हॉस्टेलला लॅपटॉपच. लॅबला न्यावा लागतो, खोलीत जागा नसते, सुट्टीत घरी आणायचा असतो. फक्त अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं जड सॉफ्टवेअर) आहे म्हणून यूऐवजी एच मालिका बघा. आय५-१३५००एचमध्ये ४ पी आणि ८ ई कोर आहेत, बेस ४५ वॉट. एएमडीत रायझन ५ ७६४०एचएस, तिसरा आकडा ४. रॅम १६ जीबी, दोन पट्ट्यांत, आणि स्लॉट उघडता येणारा असावा. दुकानात लॅपटॉप उलटा करून खालची जाळी बघा, हवेला जागा किती सोडलीय ते तिथेच कळतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

आणि पोरीला सांगा, गादीवर ठेवून चालवायचा नाही. खालची जाळी बुजली की एच मालिकेचाही यू होतो.